दीर्घकाळ म्हणजे कुणाचा काळ?

१

मराठीत ‘तेजी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक बाजारातला: भाव चढत जाणे. दुसरा जुना, आता बहुधा म्हणीपुरता उरलेला: जातिवंत, चपळ घोडा. ‘तट्टाला टुमणी, तेजीला इशारत’ ही म्हण अजून क्वचित कानावर येते. इंग्रजीने चढत्या बाजारासाठी बैल निवडला. आपला बैल औताचा, मोटेचा, पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी खाणारा. त्यामुळे ‘बुल मार्केट’चे ‘बैलबाजार’ असे भाषांतर केले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तालुक्याच्या गावचा गुरांचा बाजार उभा राहतो. घोड्याची प्रतिमा अधिक नेमकी वाटते. इशारा मिळताच उधळणारा आणि कुठवर नेणार हे स्वारालाही न सांगणारा.

या लेखात मला मात्र त्या शब्दापेक्षा त्याच्या आधी लागणाऱ्या विशेषणाविषयी बोलायचे आहे. ‘दीर्घकालीन तेजी’ असे म्हटले जाते आणि त्याच्या जोडीने एक वाक्य येते: ‘दीर्घकाळात बाजार वरच जातो.’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा कानांवर पडले आहे की त्याला सुभाषिताचे वजन आले आहे. ते म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींत असते, बँकेच्या शाखेत असते आणि आता शिक्षककक्षातही असते. जिथे पूर्वी वेतन आयोगाच्या थकबाकीची चर्चा चाले, तिथे ‘तुमची एसआयपी कितीची?’ हा प्रश्न सहज विचारला जातो. २०२० च्या मार्चमध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. २०२४ संपताना ती १८ कोटींच्या पुढे गेली. एसआयपीतून एका महिन्यात गोळा होणारी रक्कम २०२४ च्या ऑक्टोबरात २५ हजार कोटी रुपयांवर पोहोचली. एवढ्या माणसांनी ज्या वाक्यावर भरवसा ठेवला आहे, ते वाक्य, ज्यांचा व्यवसायच वाचन हा आहे त्यांनी तरी नीट वाचायला हवे.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला ‘काळ’ हा शब्द आला की थांबण्याची सवय असते. घटना घडण्याचा काळ वेगळा, ती सांगण्याचा काळ वेगळा, हे आपण पहिल्याच काही तासिकांमध्ये विद्यार्थ्यांना सांगतो. कोण सांगतो आहे आणि कुठल्या क्षणी उभे राहून सांगतो आहे, हे कळल्याशिवाय कथा कळत नाही. ‘दीर्घकाळात बाजार वरच जातो’ या वाक्याचा निवेदक कोण? तो त्या काळाच्या आत आहे की बाहेर?

माझ्यापुरता हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. माझे वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन मिळू लागले, महागाई भत्त्याने ते वाढत गेले, आणि सेन्सेक्स कितीवर आहे हे त्यांना आयुष्यात एकदाही माहीत करून घ्यावे लागले नाही. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी ती योजना बंद केली आणि अंशदानाची योजना आणली. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. माझी नेमणूक २००८ ची. या योजनेत पगारातून कापलेली आणि शासनाने घातलेली रक्कम फंडांमध्ये गुंतवली जाते, तिचा एक भाग समभागांत जातो, आणि निवृत्तीच्या वेळी त्या साठ्याचे जे मूल्य असेल त्यावर म्हातारपण उभे राहते. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक ‘जुन्या पेन्शन’साठी संपावर गेले. २०२४ मध्ये केंद्राने आणि राज्याने हमीचा काही भाग परत देऊ करणाऱ्या योजना जाहीर केल्या. त्या वादात इथे शिरायचे नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की ज्या पिढीने वर्तमानपत्रातले शेअरबाजाराचे पान न वाचताच घडी घातली, तिच्या पुढच्या पिढीला तेच पान स्वतःच्या भवितव्याचा मजकूर म्हणून वाचावे लागत आहे.

२

दीर्घकालीन तेजीची सर्वमान्य व्याख्या नाही. ढोबळमानाने असे म्हणतात की निर्देशांक दहा, पंधरा, वीस वर्षे चढत राहतो. मध्ये खोल पडझडी होतात, पण प्रत्येक खड्डा भरून निघतो आणि पुढचे शिखर मागच्यापेक्षा उंच असते. इंग्रजीत अशा तेजीला ‘सेक्युलर’ हे विशेषण लावतात. आपल्याला हा शब्द धर्मनिरपेक्षतेच्या संदर्भात ठाऊक आहे. पण त्याचे मूळ असलेल्या ‘सेक्युलुम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ एक युग, एक पिढी, माणसाचे एक आयुर्मान असा होतो. म्हणजे या संज्ञेच्या पोटातच माणसाच्या आयुष्याचे माप दडलेले आहे. ते माप बाजाराला कितपत लागू पडते, हा पुढचा प्रश्न.

या प्रकारचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतले, १९८२ ते २००० या काळाचे. १२ ऑगस्ट १९८२ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ च्या आसपास होता. १४ जानेवारी २००० रोजी तो ११,७२२ वर पोहोचला. साडेसतरा वर्षांत पंधरापट. आज आलेखावर ही रेषा पाहिली तर ती डोंगराच्या एकसंध चढणीसारखी दिसते. पण त्या चढणीच्या पोटात १९ ऑक्टोबर १९८७ हा दिवस आहे. त्या एका दिवसात निर्देशांक २२.६ टक्क्यांनी कोसळला. एका दिवसात एवढी घसरण १९२९ मध्येही झाली नव्हती. त्या संध्याकाळी ज्याने हिशेब केला, त्याच्या दृष्टीने ती तेजी संपली होती. आज आपण तिला ‘तेजीतली एक घसरण’ म्हणतो, कारण पुढची बारा वर्षे आपल्याला ठाऊक आहेत. त्याला ती ठाऊक नव्हती.

उलट बाजूचे उदाहरणही त्याच काळाच्या उंबरठ्यावर आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये डाऊ एक हजाराला भिडू पाहत होता. सोळा वर्षांनी तो ७७७ वर होता, आणि तेवढ्या काळात अमेरिकेतली महागाई जवळजवळ तिप्पट झाली होती. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाने ‘समभागांचा मृत्यू’ या आशयाच्या शीर्षकाची मुखपृष्ठकथा छापली. पुढे ती टिंगलीचा विषय झाली, कारण तीनच वर्षांत विसाव्या शतकातली सर्वांत मोठी तेजी सुरू झाली. ही टिंगल मला नेहमी थोडी अन्यायाची वाटते. सोळा वर्षांचा अनुभव लेखकांच्या बाजूने होता. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाने मधल्या प्रकरणातल्या पात्राला मूर्ख ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

३

भाव कशाने चढतात, हे समजून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. अर्थशास्त्राची परिभाषा बाजूला ठेवून सांगायचे तर समभागातून मिळणाऱ्या परताव्याचे तीन झरे आहेत. पहिला, कंपनी दरवर्षी वाटते तो लाभांश. दुसरा, कंपनीच्या नफ्यात होणारी वाढ. तिसरा, त्या नफ्याच्या प्रत्येक रुपयासाठी खरेदीदार किती रुपये मोजायला तयार आहे, यात होणारा बदल. पहिले दोन कारखान्यात, दुकानात, शेतात, कचेरीत घडतात. तिसरा माणसांच्या मनात घडतो.

या तिसऱ्या झऱ्यालाच किंमत-उत्पन्न गुणोत्तर म्हणतात. १९६६ ते १९८२ या सोळा वर्षांत अमेरिकी कंपन्यांचा नफा डॉलरांत मोजला तर दुपटीहून अधिक वाढला होता, तरी भाव जागच्या जागी राहिले. कारण त्या नफ्याला लोक देत असलेली किंमत निम्म्यावर आली होती. १९८२ नंतर चाक उलटे फिरले. रॉबर्ट शिलर हे अर्थशास्त्रज्ञ मागच्या दहा वर्षांच्या, महागाई वजा केलेल्या सरासरी नफ्याशी भावाची तुलना करतात. त्यांच्या मोजमापानुसार हे गुणोत्तर १९८२ मध्ये ७ च्या आसपास होते आणि १९९९ संपताना ४४ च्या. नफा वाढलाच, पण त्याहून कितीतरी अधिक वाढली ती त्या नफ्याविषयीची श्रद्धा.

श्रद्धा हा शब्द मी हेटाळणीने वापरत नाही. तिला कारणे होती. १९८१ मध्ये अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचे व्याज १५ टक्क्यांच्या वर गेले होते. पुढे महागाई आटोक्यात आली आणि नव्वदीच्या अखेरीस ते ६ टक्क्यांच्या आगेमागे होते. याचा भावांशी संबंध साध्या गणिताचा आहे. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत किती? व्याजदर १५ टक्के असेल तर सुमारे २५ रुपये. ६ टक्के असेल तर सुमारे ५६ रुपये. शंभर रुपये तेच, दहा वर्षे तीच. पण भविष्याचे आजचे मोल दुपटीहून अधिक झाले. दीर्घकालीन तेजी म्हणजे बऱ्याच अंशी हे: समाजाला भविष्य जवळचे वाटू लागणे. मंदी म्हणजे तेच भविष्य पुन्हा लांब जाणे.

आपल्या वर्गातली भाषा वापरायची तर नफा ही संहिता आणि गुणोत्तर हे तिचे वाचन. संहितेत काही नसेल तर वाचन किती काळ टिकणार. पण संहिता तीच राहूनही वाचन बदलते, आणि बदलले की भाव बदलतो. दोहोंत फरक आहे तो मर्यादेचा. नफा पिढ्यान्‌पिढ्या वाढू शकतो. त्याला दिली जाणारी किंमत ७ पटींवरून ४४ पटींवर एकदा जाऊ शकते. तिथून पुन्हा सहापट होऊन २६४ वर जाईल आणि तिथे राहील, असे कुणी समंजसपणे म्हणणार नाही. म्हणून १९८२ ते २००० या काळातला परतावा पाहून ‘समभाग एवढे देतातच’ असे ठरवणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज केलेली असते. त्यातली एक पुन्हा घडू शकते, दुसरी लगेच घडू शकत नाही. २००० नंतर तसेच झाले. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक मार्च २००० चे शिखर ओलांडून कायमचा पुढे गेला तो २०१३ मध्ये.

शिलर यांचे याविषयीचे गाजलेले पुस्तक मार्च २००० मध्ये, नेमके शिखरावर, प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये त्यांनी ‘नॅरेटिव्ह इकॉनॉमिक्स’ हे पुस्तक लिहिले. तोंडोतोंडी पसरणाऱ्या कथा अर्थव्यवहार घडवतात, हे त्याचे सूत्र. अर्थशास्त्र आकड्यांच्या मार्गाने चालत चालत शेवटी कथेपाशी आले, याचे मराठीच्या प्राध्यापिकेला जे समाधान वाटायचे ते वाटले. पण त्याबरोबर हेही जाणवले की कथेचे आपले शास्त्र आपण या दारापर्यंत कधी नेलेच नाही.

कथा खरी असूनही घात करू शकते, याचे उदाहरण त्याआधीचे आहे. १९२४ मध्ये एडगर लॉरेन्स स्मिथ यांनी एक छोटे पुस्तक लिहून आकडेवारीने दाखवले की दीर्घ मुदतीत समभाग रोख्यांपेक्षा सरस ठरतात. निष्कर्ष प्रामाणिक होता. केन्स यांनी त्याचे परीक्षण लिहिले आणि न वाटलेला नफा पुन्हा धंद्यात घातल्याने होणाऱ्या चक्रवाढीकडे लक्ष वेधले. मग तो निष्कर्ष सर्वांनी वाचला. सर्वांनी वाचल्यामुळे भाव इतके चढले की ज्या स्वस्ताईवर तो निष्कर्ष उभा होता ती स्वस्ताईच उरली नाही. ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर असलेला डाऊ ८ जुलै १९३२ रोजी ४१ वर होता. १९२९ ची पातळी पुन्हा गाठायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडला. लाभांश धरले आणि त्या काळात वस्तू स्वस्त झाल्या हे लक्षात घेतले, तर हा काळ आखूड होतो. तरीही ज्याने ती वर्षे जगून काढली त्याच्यापुढे हा हिशेब कुणी मांडला नव्हता.

४

आता आपल्या दलाल स्ट्रीटकडे येऊ. सेन्सेक्स हा निर्देशांक १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झाला. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून त्याचे मूल्य १०० मानले गेले. जुलै १९९० मध्ये तो एक हजारावर गेला. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरण उघडकीस येण्याच्या सुमारास, ४,४६७ वर. एप्रिल २००३ मध्ये तो तीन हजारांच्या खाली होता. म्हणजे अकरा वर्षांत पुढे जाणे सोडाच, तो एक तृतीयांशाने मागे आला होता. जानेवारी २००८ मध्ये तो एकवीस हजारांच्या घरात पोहोचला, मार्च २००९ मध्ये ८,१६० वर आला. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, २५,९८१. आणि २०२४ च्या सप्टेंबरात ८५ हजारांच्या पुढे.

प्रश्न असा की २००३ ते २०२४ ही एक दीर्घकालीन तेजी, की २००३-०८ ही एक आणि २००९ पासूनची दुसरी? अभ्यासक दोन्ही बाजूंनी बोलतात. आकडे तेच, आलेख तोच; फरक कालखंड कुठे पाडायचा एवढाच. हा वाद आपल्याला परका नाही. आधुनिक मराठी कविता कुठून सुरू होते, साठोत्तरी साहित्य कुठे संपते, यावर आपण किती शाई खर्च केली आहे! ‘साठोत्तरी’ हे नाव १९६० साली कुणाला ठाऊक नव्हते. त्या काळात लिहिणारे लिहीत होते, छापणारे छापत होते, बाकीचे नाके मुरडत होते. कालखंडाचे नाव नंतर आले आणि त्याने मागच्या सगळ्या विस्कळीत धडपडीला दिशा असल्याचा आभास दिला. तेजीचेही तसेच आहे. जो तिच्यात असतो त्याच्या वाट्याला संशय येतो. नाव येते ते नंतर येणाऱ्याच्या वाट्याला.

कालखंडाबरोबर आणखी एक ओळखीची गोष्ट इथे आहे: निवड. निर्देशांक म्हणजे सगळा बाजार नव्हे. ती तीस कंपन्यांची यादी आहे आणि तिचे संपादन चालू असते. पहिल्या यादीत हिंदुस्तान मोटर्स होती, प्रीमियर ऑटोमोबाईल्स होती, बॉम्बे डाईंग होती. ॲम्बॅसडर आणि पद्मिनी रस्त्यांवरून गेल्या, त्यांच्या कंपन्या यादीतून गेल्या, त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञान आणि खाजगी बँका आल्या. संपादकाने नव्या आवृत्तीत क्षीण कविता गाळाव्यात आणि मग वाचकाने म्हणावे की या परंपरेत वाईट कविता झालीच नाही, असा काहीसा परिणाम त्यातून होतो. ‘बाजार वर जातो’ हे वाक्य यादीविषयी खरे असते. यादीतल्या प्रत्येक नावाविषयी ते खरे नसते, आणि नाव गेले की त्याची कथा आलेखातूनही जाते.

५

मुंबईतल्या तेजीचे मराठी साहित्याशी असलेले नाते पाहू गेले तर हाती फारसे लागत नाही. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि इथल्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून मुंबईत शेअरांचे वेड उसळले. बॅक बेचा समुद्र हटवण्यासाठी काढलेल्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० वर गेला. एप्रिल १८६५ मध्ये ते युद्ध संपले आणि सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांना विकला गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. या वेडाचे नायक प्रेमचंद रायचंद यांनाही तो तडाखा बसला. त्यांनी भरभराटीच्या काळात दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. या लेखाच्या वाचकांपैकी काहींनी त्या मनोऱ्याखालच्या वाचनकक्षात बसून टिपणे काढली असतील. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे त्या ज्वराच्या ऐन चढतीतले. पण कोसळल्यानंतरचा साद्यंत आर्थिक इतिहास लिहिला तो दिनशा वाच्छा यांनी, इंग्रजीत, १९१० मध्ये.

पुढची जोडी अधिक बोलकी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याच दशकात, त्याच शहरात, लालबाग-परळपासून काही मैलांवर, समभागांची नवी संस्कृती आकाराला येत होती. मध्यमवर्ग नव्या कंपन्यांच्या अर्जांसाठी रांगा लावू लागला होता. संपाविषयी मराठीने लिहिले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक त्याच उद्ध्वस्त घराचे. तेजीविषयी मराठीत माझ्या वाचनात तरी तोलाची कादंबरी आली नाही. दुष्काळ, कर्ज, सावकार, गिरणी, झोपडपट्टी हे आपल्या अनुभवविश्वाचे विषय झाले. समभाग झाला नाही.

याचे एक कारण वर्गीय आहे हे उघड आहे. मराठी लेखक बहुधा पगारदार होता आणि पगारदाराची बचत टपाल कचेरीत असे. पण दुसरे कारण विषयाच्या स्वभावात आहे. पडझडीला नाट्य असते: एक दिवस असतो, एक आकडा असतो, उद्ध्वस्त झालेला माणूस असतो. वीस वर्षे चालणाऱ्या चढणीत घडत काहीच नाही. रोज थोडेसे वर, थोडेसे खाली. तिच्यात पात्र नाही, प्रसंग नाही. जे प्रसंगांत मावत नाही ते साहित्यातून निसटते, आणि जे साहित्यातून निसटते त्याची भाषा जाहिरात घडवते. ‘दीर्घकाळात बाजार वरच जातो’ हे वाक्य आपल्यापर्यंत जाहिरातीच्या वाटेने आले, कारण दुसऱ्या कुठल्या वाटेने येणारे वाक्य आपण तयारच केले नव्हते.

६

आता मूळ प्रश्न. हा दीर्घकाळ कुणाचा?

एक काल्पनिक हिशेब मांडते. दोन शिक्षिका दरवर्षी अखेरीस १ लाख २० हजार रुपये साठवतात, सलग तीस वर्षे. दोघींच्या वाट्याला पंधरा वर्षे तेजीची येतात, त्यांत वर्षाला १५ टक्के मिळतात. आणि पंधरा वर्षे मरगळीची येतात, त्यांत ३ टक्के मिळतात. फरक फक्त क्रमाचा. पहिलीला तेजी आधी आणि मरगळ नंतर. दुसरीला मरगळ आधी आणि तेजी नंतर. बाजाराच्या दृष्टीने तीस वर्षांची सरासरी दोघींची अगदी सारखी. निवृत्तीच्या दिवशी पहिलीच्या हातात सुमारे १ कोटी ११ लाख रुपये असतात, दुसरीच्या हातात सुमारे २ कोटी ३९ लाख. कारण सोपे आहे. पहिलीला तेजी भेटली तेव्हा तिच्या गाठीला फारसे काही नव्हते; दुसरीला भेटली तेव्हा अर्ध्या आयुष्याची बचत जमलेली होती.

दोघींनी सारखेच कष्ट केले, सारखीच शिस्त पाळली. त्यांच्यात फरक पडला तो जन्मसालाचा. घटना त्याच, क्रम वेगळा, म्हणून अर्थ वेगळा. कथानकाविषयी आपण हेच शिकवतो. आणि तेजीचे स्वागत करणाऱ्या तरुणाला सहसा कुणी हे सांगत नाही की नोकरीच्या पहिल्या वर्षांतली भरधाव तेजी त्याच्या फारशी कामाची नाही. त्याला तेव्हा स्वस्ताई हवी आणि चढण शेवटी हवी. मागणाऱ्याला क्रम निवडता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

जपानचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. तिथला निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर होता. ती पातळी पुन्हा ओलांडली गेली २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. चौतीस वर्षे. १९८९ मध्ये पंचविशीत नोकरीला लागलेला माणूस तोवर साठीच्या दारात उभा होता. दरमहा थोडे थोडे घालणाऱ्याचे चित्र इतके भीषण नसते, कारण पडलेल्या भावातही तो घेत राहतो. लाभांशही मदतीला असतात. तरी ‘दीर्घकाळात वर जातो’ हे वाक्य जपानविषयीही शेवटी खरे ठरले, यातच त्या वाक्याची अडचण दिसते. ते खरे ठरायला एका माणसाची सबंध नोकरी खर्ची पडली.

बाजाराला घाई नसते. त्याला निवृत्तीचे वय नाही, मुलीचे शिक्षण नाही, गुडघ्याची शस्त्रक्रिया नाही. विद्यापीठे, देवस्थाने, विमा कंपन्या यांच्याकडे त्याच्या तोडीचा काळ असतो. म्हणून त्यांना दीर्घकालीन तेजीचे वाक्य शोभते. जुन्या निवृत्तिवेतनात हा काळ शासनाने उचललेला होता. मंदीतले वर्ष कुणाच्या निवृत्तीवर आले, याचा भार कुणा एकाच्या माथी पडत नसे. तो पुढच्या-मागच्या पिढ्यांच्या करांतून वाटला जाई. त्या व्यवस्थेचा खर्च शासनाला झेपतो की नाही, यावर दोन्ही बाजूंनी वजनदार युक्तिवाद आहेत आणि ते करणारे माझ्याहून जाणते आहेत. मला दिसते ते एवढेच की योजना बदलली तेव्हा पैशाबरोबर काळही हस्तांतरित झाला. संस्थेने पेलण्याचा काळ व्यक्तीच्या खांद्यावर आला आणि सोबत धीर द्यायला एक सुभाषित देण्यात आले. माझ्या निवृत्तीचे वर्ष २०४१ आहे. ते वर्ष कोणत्या कालखंडात पडले होते, हे २०५५ च्या सुमारास कुणीतरी आलेख पाहून सहज सांगेल.

७

या सगळ्याचा अर्थ समभागांपासून लांब राहावे असा नाही. कंपन्यांचा नफा वाढतो, देश पुढे जातो, महागाई रोख पैशाला कुरतडते. या गोष्टी खऱ्या आहेत आणि बचतीचा काही भाग तिथे असणे शहाणपणाचे आहे. पण जो तेजीला तिच्या तिन्ही झऱ्यांसकट ओळखतो, तो निदान इतके विचारू शकतो: आत्ता जे चढते आहे ते नफ्यामुळे, की त्या नफ्याला दिलेल्या किमतीमुळे? आणि मला लागणारे पैसे मला कधी लागणार आहेत? ज्याची गरज पाच वर्षांवर आहे त्याने वीस वर्षांचे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. निवृत्ती जवळ आली की समभागांचा हिस्सा टप्प्याटप्प्याने कमी करावा, हा जुना सल्ला याच जाणिवेतून आलेला आहे.

वर्गातली मुले हे प्रश्न विचारण्याच्या अलीकडेच असतात. दीर्घ तेजी तरुणांना धीर शिकवते असे म्हणतात. पुष्कळदा ती घाई शिकवते. एम. ए. च्या वर्गातही मोबाईलवर वायद्यांचे व्यवहार करणारे विद्यार्थी असतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाल्याचे आढळले; हा तोटा एकूण १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. ही तीन वर्षे मंदीची नव्हती. चढत्या बाजारात एवढी माणसे बुडाली, कारण त्यांनी दीर्घकाळाविषयीचे वाक्य ऐकले आणि ते आठवड्याला लावले.

भाषेच्या शिक्षकाला यात करण्याजोगे काम थोडे आहे, पण ते त्याचेच आहे. ‘दीर्घकाळात बाजार वरच जातो’ या वाक्याचे व्याकरण चालवून पाहावे. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, अधिकरण आहे. संप्रदान नाही. बाजार वर जातो, पण कुणासाठी, हे सांगणारी चतुर्थी त्यात कुठेच नाही. विद्यार्थ्याला ते वाक्य खोटे म्हणून खोडायला शिकवू नये. त्यातली ती रिकामी जागा दाखवावी आणि तिथे स्वतःचे नाव, स्वतःचे वय आणि स्वतःचे वर्ष लिहून वाक्य पुन्हा वाचायला सांगावे.